पायापर्यंत रक्त पोचतंय का, हे आधी बघा

कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, काम करणारे एक काका जुलै महिन्यात माझ्याकडे ड्रेसिंगला आले. चपलेचा पट्टा घासून करंगळीच्या कडेला जखम झाली होती, फार तर तुरीच्या डाळीएवढी. "कांयच दुखना बाये," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. मी जखम धुतली, पट्टी बांधली, एक दिवसाआड या म्हटलं. पाच आठवडे ते न चुकता आले. जखम स्वच्छ होती, साखर बरीच आटोक्यात होती, अँटिबायोटिकचा कोर्स पुरा झाला होता, तरी ती भरेना. सहाव्या आठवड्यात नव्यानं रुजू झालेल्या एका डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडायच्या आधी त्यांच्या पायावर दोन बोटं ठेवली आणि मला विचारलं, "सिस्टर, ह्यांच्या पायाची नाडी कधी बघितली होती?"

कधीच बघितली नव्हती. पाच आठवडे माझी नजर त्या डाळीएवढ्या जखमेवर खिळलेली होती. तिथवर रक्त पोचतंय का, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. काकांच्या गुडघ्याखालच्या धमन्या जवळजवळ बंद होत्या. बोट गेलं. पाय वाचला, तोही थोडक्यात.

ज्यांच्या घरात नुकताच कुणाचा तरी मधुमेही पाय बिघडायला लागला आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. यात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी धोक्याची लक्षणं ओळखायची, मग रक्तपुरवठा मोजून घ्यायचा, मग औषधं, आणि मग व्यायाम. आपल्याकडे बहुतेक घरांत हे उलट्या क्रमानं होतं. तेल, शेक, मालीश पहिल्या दिवशी सुरू होतं आणि मोजणी राहूनच जाते. आणि हा प्रश्न थोडक्या घरांचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं ते गोव्यात, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४ होता.

एकाच पायात दोन दुखणी

मधुमेहात पायाला दोन वेगवेगळ्या वाटांनी इजा होते. एक वाट नसांची. संवेदना नेणाऱ्या नसा मरत जातात, मुंग्या येतात, तळवा कापसावर ठेवल्यासारखा वाटतो आणि शेवटी काहीच कळत नाही. दुसरी वाट रक्तवाहिन्यांची. मांडीतून येणारी मोठी धमनी गुडघ्याखाली तीन फांद्यांत विभागते. मधुमेहात या खालच्या फांद्यांतच जास्त करून चरबी आणि चुना (कॅल्शियम) साठतो.

ज्याला फक्त रक्ताची कमतरता आहे, त्याची पोटरी चालताना दुखते, तो थांबतो, दुखणं थांबतं आणि तो डॉक्टरकडे जातो. ज्याच्या नसाही गेल्या आहेत, त्याला ही सूचना मिळतच नाही. म्हणून "दुखत नाही" हे ऐकून कुणी निर्धास्त होऊ नका. मधुमेही पायात न दुखणं हेच एक लक्षण असू शकतं.

आणखी एक फसवी गोष्ट. पाय गरम लागला म्हणजे रक्त चांगलं आहे, असं आपण धरून चालतो. मधुमेहात घाम आणि रक्तवाहिन्यांचं आकुंचन सांभाळणाऱ्या बारीक नसाही बिघडतात. मग रक्त त्वचेच्या बारीक केशवाहिन्यांत न जाता आडवाटेनं थेट शिरांत परत फिरतं. पाय कोरडा, भेगाळलेला, पण हाताला गरम लागतो, शिराही फुगलेल्या दिसतात, आणि बोटांच्या टोकाला मात्र रक्ताची उपासमार चालू असते. मी स्वतः असे पाय "चांगले गरम आहेत" म्हणून सोडलेले आहेत.

आधी हे बघा: आजच जायचं आहे का?

पुढचं सगळं वाचायच्या आधी पाय उजेडात घ्या. खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर व्यायाम, चालणं, घरचे उपाय सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी इस्पितळात जा.

बोट किंवा टाच काळी, निळसर पडली आहे. जखमेतून पू किंवा घाण वास येतो, लाली वर चढते आहे, ताप किंवा थंडी वाजते आहे. रात्री झोपल्यावर पाय ठणकतो आणि खाटेवरून खाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं. हे शेवटचं बऱ्याच जणांना "वात" वाटतं. ती उपाशी पायाची हाक आहे.

पाय लाल, गरम आणि सुजलेला आहे, पण कुठेही जखम नाही, असं असेल तरीही जा. त्यात हाडांचा चुरा होत असू शकतो, त्याला शार्को पाय म्हणतात, आणि त्यावर चालत राहिलात तर पायाचा आकारच बदलतो. आणि एखादा पाय अचानक गार, पांढराफटक पडला, दुखू लागला, बोटं हलेनाशी झाली, तर क्षणाचीही वाट न बघता १०८ ला फोन करा. तिथे हिशेब तासांचा असतो.

घरी करायच्या तीन तपासण्या

यांतून रोगनिदान होत नाही. डॉक्टरांशी काय बोलायचं, ते मात्र नेमकं कळतं.

पहिली, स्पर्शाची. आजारी माणसाला डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टेकवा, दोन्ही पायांना मिळून सहा जागा. टेकवायचं अगदी हलकं, एखाद-दोन सेकंद, दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. कळलं की "उजवा" किंवा "डावा" एवढंच त्यांनी म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागा चुकल्या तर संवेदना कमी झाली आहे असं धरा. यासाठी कुठलंही उपकरण लागत नाही आणि इस्पितळांतही ही चाचणी मान्य आहे.

दुसरी, नाडीची. पायाला दोन ठिकाणी नाडी लागते. पायाचा अंगठा वर उचलला की पावलाच्या पाठीवर एक दोरीसारखा स्नायुबंध उठतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला, पावलाच्या मध्यावर एक. आतल्या घोट्याच्या हाडाच्या मागे, किंचित खाली दुसरी. तर्जनी आणि मधलं बोट वापरा, अंगठा नको, कारण अंगठ्यात स्वतःचीच नाडी लागते. फार दाबलं तर नाडी बोटाखाली चिरडते, म्हणून हलकेच ठेवा आणि अर्धा मिनिट थांबा. आधी स्वतःच्या पायावर सराव करा. पावलाच्या पाठीवरची नाडी काही निरोगी माणसांतही सापडत नाही. घोट्यामागचीही लागली नाही तर मात्र ते कागदावर लिहून डॉक्टरांना सांगा.

तिसरी, रंगाची. माणसाला पाठीवर झोपवून दोन्ही पाय एकदाच, मिनिटभर, खाटेपासून हातभर वर उचलून धरा. तळव्याकडे बघा, आपल्या सावळ्या कातडीवर रंग तिथेच नीट कळतो. तळवा फिका पांढरट पडला आणि नंतर पाय खाली सोडून बसवल्यावर हळूहळू लालजांभळा झाला, तर रक्त कमी पोचतंय असा दाट संशय घ्या. जखम असलेल्या किंवा दुखऱ्या पायाला हे करू नका.

मोजून घ्या

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. हिचं नाव एबीआय, म्हणजे अँकल-ब्रेकियल इंडेक्स. लक्षात ठेवायला सोपं आहे: घोट्याचं ब्लड प्रेशर भागिले दंडाचं ब्लड प्रेशर. माणसाला पाच-दहा मिनिटं आडवं झोपवून दोन्ही दंडांचं आणि दोन्ही घोट्यांचं प्रेशर घेतात. घोट्यावर स्टेथोस्कोप चालत नाही, त्यासाठी हातात मावणारं छोटं डॉप्लर यंत्र लागतं. त्यातून नाडीचा सूं-सूं आवाज ऐकू येतो. सुई नाही, दुखत नाही, सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम.

समजा दंडाचं वरचं प्रेशर १४० आहे आणि घोट्याचं ९८. भागाकार ०.७. साधारणपणे हा आकडा ०.९ च्या वर आणि १.३ च्या खाली हवा. ०.९ किंवा त्याहून कमी म्हणजे धमनीत अडथळा आहे. ०.५ च्या खाली म्हणजे गंभीर.

इथे मधुमेह्यांची एक खास अडचण आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळे पाय गेलेले मी पाहिले आहेत. धमनीच्या भिंतीत चुना साठला की ती नळासारखी कडक होते, प्रेशरच्या पट्ट्यानं दबतच नाही. मग घोट्याचा आकडा खोटा मोठा येतो. एबीआय १.४ आला की घरची माणसं खूश होतात, खरं तर तो धोक्याचा इशारा असतो. कधी कडक धमनी आणि अडथळा दोन्ही असतात आणि उत्तर नेमकं "नॉर्मल" येतं. म्हणून जखम असेल आणि ती भरत नसेल तर नुसत्या एबीआयवर थांबू नका. पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजता येतं, तिथल्या बारीक धमन्यांत चुना कमी साठतो. ते ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर जखम आपणहून भरायची आशा फार कमी. पायाची रंगीत डॉप्लर सोनोग्राफी केली तर अडथळा कुठे आहे तेही दिसतं.

ओपीडीत डॉक्टरांना वेळ कमी असतो, म्हणून काय विचारायचं ते ठरवून जा: "डॉक्टर, ह्यांच्या पायाच्या नाड्या बघाल का? एबीआय किंवा डॉप्लर करून मिळेल का?" एवढी दोन वाक्यं पुरतात. आपल्या आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा आणि तिथून चिठ्ठी घेऊन पुढे जा: फोंड्याचं उपजिल्हा इस्पितळ, म्हापशाचं आझिलो आणि मडगावचं हॉस्पिसियो ही जिल्हा इस्पितळं, आणि सगळ्यांच्या वर बांबोळीचं गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड घरात असेल तर शोधून ठेवा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाखांपर्यंतचं संरक्षण त्यात मिळतं. पायाच्या धमनीवरचा उपचार करायची वेळ आली तर हे कार्ड नूतनीकरण झालेलं असलं पाहिजे. ऐनवेळी रांगेत उभं राहायची पाळी कुणावर येऊ नये.

औषधांबद्दल

पायात रक्त कमी आहे हे ठरलं की डॉक्टर सहसा दोन गोळ्या देतात, एक कोलेस्टेरॉलची म्हणजे स्टॅटिन, आणि एक रक्तातल्या गुठळ्या रोखणारी, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल. "माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, मग कशाला?" म्हणून पहिली गोळी बंद करणारे मला दर महिन्याला भेटतात. ती गोळी धमनीतला साठा फुटू नये, वाढू नये म्हणून असते. कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं ते तिच्यामुळेच. डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. ज्यांच्या पायाच्या धमन्या अडल्या आहेत, त्यांच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही त्याच वाटेवर असतात, हे लक्षात ठेवलं तर ह्या गोळ्या का घ्यायच्या ते कळतं.

मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ एकदा तपासून घ्यावं. ते कमी झालं तरी पायाला मुंग्या येतात आणि सगळा दोष साखरेवर जातो.

विडी-सिगारेट. यावर मी मऊ बोलू शकत नाही. तंबाखूनं धमनी आकसते आणि आतून खरवडल्यासारखी होते. विडी चालू ठेवून केलेली अँजिओप्लास्टी पुन्हा बंद पडताना मी पाहिली आहे. "दिवसाला दोनच" हाही हिशेब पायाला चालत नाही. सोडायला मदत लागते, ती मागण्यात कमीपणा नाही. निकोटिनचे च्युइंगम आणि औषधं डॉक्टर देतात, ती घ्या. फेणीबद्दल एवढंच सांगते की दारू नसा वेगळ्यानं मारते, आणि ज्या पायाच्या नसा आधीच गेल्या आहेत त्याला आणखी एक शत्रू नको.

व्यायाम: कुणी, कुठला, किती

पायाला उघडी जखम आहे, किंवा वर सांगितलेली धोक्याची लक्षणं आहेत, त्यांनी चालण्याचा व्यायाम करायचा नाही. तळव्यावरच्या जखमेवर पडणारं प्रत्येक पाऊल तिला पुन्हा फाडतं. अशांनी डॉक्टरांनी होकार दिल्यावर बसल्या जागी हालचाल करावी. खुर्चीत बसून टाच टेकलेली ठेवून चवडा वर, मग चवडा टेकून टाच वर, असं वीस वेळा. घोटा दोन्ही दिशांनी दहा-दहा वेळा गोल फिरवायचा. गुडघा सरळ करून पाय समोर ताणायचा, पाच अंक मोजून खाली, दहा वेळा. दिवसातून तीनदा. पोटरीचा स्नायू हलला की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं आणि सांधे आखडत नाहीत. चवड्यावर जखम असेल तर चवडा जमिनीला लावायचा नाही, पाय हवेत ठेवून फक्त घोटा हलवायचा.

पाय उंच करायचा, मग लोंबकळत सोडायचा, मग आडवा ठेवायचा, असा बर्गरचा व्यायाम काही ठिकाणी छापील कागदावर अजून देतात. तो लिओ बर्गर या डॉक्टरच्या नावानं ओळखला जातो आणि शंभर वर्षांचा जुना आहे. त्यानं फायदा होतो याचा पुरावा तोकडा आहे. ज्यांचं रक्त खूपच कमी पोचतं त्यांचा पाय हृदयाच्या वर उचलून धरणं म्हणजे होतं तेही रक्त उतरवून घेणं. म्हणून एबीआय झाल्याशिवाय तो करू नका.

ज्यांना जखम नाही आणि डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, त्यांच्यासाठी चालणं हाच सर्वांत खात्रीचा व्यायाम. पद्धत अशी. सपाट रस्ता निवडा. पणजीकरांना कांपाल ते मिरामारची पायवाट आहे. गावात असाल तर चढण टाळून घर ते दुकान असा पट्टा ठरवा. मुसळधार पावसात बाल्कांवात नाहीतर सोप्यात फेऱ्या मारा, तेही चालतं. पोटरी दुखू लागली की लगेच बसू नका, दुखणं मध्यम होईपर्यंत चालत राहा. मग थांबा, पूर्ण शमू द्या, पुन्हा चाला. अशा तुकड्यातुकड्यांनी सुरुवातीला अर्धा तास भरला तरी खूप झालं. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत पाऊण तासाच्या वर न्या. आठवड्यातून निदान तीन दिवस, आणि कमीत कमी बारा आठवडे. चार दिवसांत फरक पडत नाही म्हणून सोडणारे फार. बारा आठवडे चिकाटीनं करणाऱ्यांचं न थांबता चालायचं अंतर खरोखर वाढतं.

काय होतं नेमकं? बंद धमनी चालण्यानं उघडत नाही, हे स्पष्ट सांगते. स्नायू मिळालेल्या प्राणवायूचा जास्त चांगला वापर करायला शिकतो, आजूबाजूच्या लहान वाटा रुंदावतात, धमनीचं अस्तर सुधारतं. हमरस्ता बंद असताना गावातल्या पाणंदी वापरात याव्यात तसं.

ज्यांच्या नसा गेल्या आहेत त्यांना पोटरीचं दुखणं जाणवणारच नाही, त्यांनी दुखण्याच्या नव्हे तर घड्याळाच्या हिशेबानं चालावं: पाच मिनिटं चाला, दोन मिनिटं बसा. आणि घरी आल्यावर पहिलं काम तळवे बघणं. लाल डाग, फोड, ओलसरपणा दिसला तर चालणं बंद आणि डॉक्टर. इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी साखर बघावी, १०० च्या खाली असेल तर काही खाऊन निघावं, खिशात साखरेची पुडी ठेवावी. छातीत दाटलं, दम लागला, की तिथेच थांबायचं.

प्रेमापोटी होणाऱ्या चुका

माझ्याकडे येणाऱ्या भाजलेल्या पायांपैकी बहुतेक पाय घरच्या माणसांनी मायेनं भाजलेले असतात. पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी, मिठाच्या पाण्यात पाय बुडवणं, चुलीजवळ शेक. पायाला कळत नाही, आणि रक्त कमी असल्यामुळे त्वचेला ती उष्णता वाहून नेता येत नाही. फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. पाय गार वाटले तर सुती मोजे घाला, बस्स. आंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघा, पाय बुडवून नको, आणि शक्यतो दुसऱ्यानं बघावं.

जोरदार मालीश आणि पाय दाबून देणंही टाळा. खोबरेल लावायचं असेल तर टाचेला, पावलाच्या पाठीला हलक्या हातानं लावा. बोटांच्या बेचक्यांत लावू नका, तिथे ओल धरते.

माझ्या वडिलांच्या बाबतीत घडलेलं सांगते. बाबांचे पाय सुजायचे. एका ठिकाणी कुणीतरी पोटरीपर्यंतचे घट्ट मोजे घालायला सांगितले, मी नोकरीच्या धावपळीत होते, आणून दिले. रक्तपुरवठा मोजला नव्हता. आठवड्यानं नडगीवर पट्ट्याच्या जागी कातडी काळवंडली. ते घट्ट मोजे फुगलेल्या शिरांसाठी चांगले असतात, अडलेल्या धमन्यांना ते गळा आवळल्यासारखे होतात. एबीआय काढल्याशिवाय कुणालाही ते विकत घेऊन देऊ नका. बाबांची ती जखम भरायला चार महिने लागले.

कुरूप, भोवरी ब्लेडनं कापू नका. औषधाच्या दुकानात मिळणारी कुरुपाची पट्टीही नको, तिच्यात ॲसिड असतं, ते चांगली कातडीही जाळतं.

चपला, देऊळ आणि पावसाळा

पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि कुष्ठरोग्यांवर काम करू लागले. त्यांच्या लक्षात आलं की बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत, न कळलेल्या जखमांनी जातात. दुखणं ही शरीराची राखण आहे, आणि ती राखण उठली की पाय बेवारस होतो. त्या काळी कुष्ठरोग्यांसाठी वापरात आलेली मऊ एमसीआर रबराची चप्पल आज मधुमेह्यांना देतात ती याच कारणासाठी. घ्यायची तर मागे पट्टा असलेली, अंगठ्यात अडकवायची नको. संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तासच घाला, मग पाय तपासा. आणि घालण्याआधी रोज उलटी करून झटका. एका आजीच्या बुटात तीन दिवस बटण होतं आणि तिला पत्ता नव्हता.

घरातही अनवाणी फिरू नका. देवळाचा प्रश्न अनेकजण विचारतात, आणि त्यामागची कळकळ मला समजते. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, कुठेही जा, मार्च ते मे दुपारी अंगणातली फरशी तव्यासारखी तापते. सकाळी नऊच्या आत जा, आणि जाड, फिकट रंगाचे सुती मोजे घाला. फिकट अशासाठी की रक्त आलं तर डाग दिसतो. मोज्यांवर मला तरी कुठल्या पुजाऱ्यानं अडवलेलं नाही. शिरगावच्या लईराई देवीचं व्रत करणारे, जत्रेत निखाऱ्यांतून जाणारे धोंड बांधव माझ्याकडे येतात. त्यांना मी हात जोडून सांगते: व्रत करा, तळीवर न्हा, पण पायाची संवेदना गेली असेल तर निखाऱ्यांतून जाऊ नका. देवी तुमची श्रद्धा जाणते. पंढरीच्या पायी वारीला जाणाऱ्यांनीही दिंडी निघण्याच्या आधी महिनाभर पाय तपासून घ्यावेत.

काजूच्या मोसमात बोंडू पायांनी तुडवायला मधुमेह्यानं उतरू नये, आणि काजूबियांच्या सालीचं तेल कातडीला लागू देऊ नये. त्यानं फोड येतात. शेतात, कुळागरात गमबूट वापरा, पण आत कोरडे मोजे हवेत आणि दुपारी बदलायला दुसरा जोड हवा. पावसात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या भेगेतून जंतू आत शिरतात. आंघोळीनंतर प्रत्येक बेचकं सुक्या पंच्यानं टिपून घ्या.

अडथळा निघालाच तर

गुडघ्याखालच्या धमन्यांतही आता फुगा घालून अँजिओप्लास्टी होते, कधी बायपास करतात. त्यासाठी आधी जी अँजिओग्राफी होते तिच्यातल्या रंगद्रव्याचा किडनीवर ताण येतो, म्हणून क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट सोबत ठेवा.

बोट किंवा पाऊल काढायचं ठरलं, तर सहीच्या आधी एक प्रश्न जरूर विचारा: "रक्तपुरवठा तपासला का? तो आधी सुधारता येईल का?" रक्त नसलेल्या जागी कापलं तर ती नवी जखमही भरत नाही, मग पुन्हा वर, पुन्हा वर असं होत जातं. अपवाद एकच. पू पसरतो आहे, ताप चढला आहे, तर पू काढायला त्याच दिवशी ऑपरेशन थिएटरात न्यावंच लागतं, तिथे हटून बसू नका. रक्तवाहिन्यांचं काम त्यानंतर लगेच करता येतं.

जखम भरल्यावरही तपासणी थांबत नाही. संवेदना आणि नाडी दोन्ही ठीक असतील तर वर्षातून एकदा पुरे. दोन्ही कमी असतील तर तीन ते सहा महिन्यांनी. एकदा जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी, कारण तिथेच पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते.

तपासणीला जाताना पिशवीत साखरेची वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट आणि योजनेचं कार्ड घ्या. एबीआय असेल त्या दिवशी आधी निदान अर्धा तास विडी आणि चहा नको, नाहीतर आकडा चुकतो. पाय धुऊन कोरडे करून जा, तेल लावू नका. आणि पायांत रोजच्या वापरातल्या चपला घाला, देवळात जायच्या नव्या नकोत. रोजच्या चपलांच्या झिजलेल्या तळव्यावरून भार कुठे पडतो ते आम्हांला दिसतं.